पहिलं पाणी

त्या सोमवारी थोरली नेहमीच्या वेळेला धुण्याच्या खोलीत आली, कडी काढली, बॉयलर पेटवला आणि फादरांच्या घरून आलेलं गाठोडं सोडलं. यात नवल काही नव्हतं. एकतीस वर्षं ती हेच करत आली होती. चर्चच्या मागच्या अंगाला ती लांबट खोली. आत सिमेंटचा हौद, कपडे पिळायचं दोन रुळांचं यंत्र, इस्त्रीचं टेबल. खळीचा आणि साबणाचा वास भिंतींत असा मुरलेला की उद्या खोली पाडली तरी विटांना तो येत राहील. आठवडाभर इथं चार बाया लोकांच्या चादरी नि पडदे धुवायच्या, पण सोमवारी आधी चर्चचं धुणं.

त्या धुण्याचा एक नेम होता. मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, फादर ज्या रुमालांनी द्राक्षारसाचा प्याला पुसतात ते साबणाला लावायच्या आधी नुसत्या पाण्यात खळबळायचे आणि ते पहिलं पाणी गटारात ओतायचं नाही. त्यात प्रभूच्या रक्ताचा अंश उतरलेला असतो. अंगणात दगडी झाकणाचा एक खड्डा होता, त्यात ते ओतायचं. जमिनीनं ते प्यायचं, पायाखाली यायचं नाही. शंभर वर्षं जमीन ते पीत आली होती. ओतलं की 'गुडुप' असा एक आवाज यायचा आणि संपलं.

त्या सोमवारी आवाज आला नाही. पोट भरलेलं पोर घास गालात धरून बसतं ना, तसं ते पाणी खड्ड्याच्या तोंडाशी उभं राहिलं. थोरली वाकून बघत राहिली. बऱ्याच वेळानं ते सावकाश, नाइलाजानं खाली गेलं.

"पावसानं माती भिजली असेल," ती स्वतःशीच म्हणाली. पाऊस पडून महिना होऊन गेला होता.

आता तिला या पाण्याची एवढी धास्ती का, ते सांगायला हवं.

दोघा भावांच्या या दोघी बायका, थोरली नि धाकटी. थोरलीला मूलबाळ नाही, नवरा दमेकरी. धाकटीचा नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. दोघी एकाच हौदावर कामाला. थोरली हाताची चोख आणि जिभेची तिखट. तिनं इस्त्री केलेल्या वस्त्रावर सुरकुती शोधायची तर चष्मा लावून यावं लागे. पण लोक दारात येऊन विचारायचे ते धाकटीला. कारण धाकटीच्या हातात काहीतरी होतं.

पाववाल्याची मुलगी आई गेल्यापासून वर्षभर बोलली नव्हती. धाकटी जाऊन तिच्याजवळ नुसती बसली, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "बापा, आता तूच बघ." संध्याकाळी मुलीनं पाणी मागितलं. असं कितीकांचं झालं. धाकटी कुणाकडून काही घ्यायची नाही. कुणी पाया पडायला लागलं तर मागे सरायची. "माझं काय आहे हो यात? करणारा पवित्र आत्मा. मी नुसता उंबरा. येणाऱ्यानं ओलांडून यायचं."

थोरलीला हे ऐकलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. एकतीस वर्षं देवाचे रुमाल धुतले मी आणि देव उतरला हिच्या हातात!

एक दिवस बॉयलरची तोटी निसटली आणि उकळतं पाणी थोरलीच्या उजव्या हातावर आलं. ती किंचाळली. धाकटी धावली, तो हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. धाकटीचे हात नेहमीच उबदार असत, भट्टीतून नुकत्या काढलेल्या पावासारखे. भाजल्या कातडीला ऊब सोसत नाही म्हणतात, पण थोरलीची आग त्या उबेनं उतरत गेली, बोटांपासून मनगटापर्यंत, जणू कुणी हातमोजा काढून घ्यावा. फोड आला नाही. डागसुद्धा राहिला नाही. आणि त्या घटकेला थोरलीला स्वच्छ कळलं की या खोलीत आपण दोघीच नाही. तिसरं कुणीतरी आहे आणि ते चांगलं आहे. तिच्या हाडाला कळलं ते. हे विसरू नका, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

"आता बरं आहे ना, जाऊबाई?" धाकटीनं विचारलं.

भाजल्याचा चटका गेला, पण उपकाराचा राहिला. आठ दिवस थोरलीला झोप लागली नाही.

पुढच्या सोमवारी चौघी हौदापाशी होत्या. त्यांतल्या एकीचा आवाज असा चिरका की तिला सगळे पिपाणी म्हणत. तिनं विषय काढला. "काय हो थोरल्या बाई, हातावर व्रण म्हणून नाही! धाकटीनं केलं ना?"

"केलं की," थोरली म्हणाली. "पण कुणाच्या जोरावर केलं ते विचार. हात धरला तेव्हा कसा लागला सांगू? बर्फ. ओल्या मातीसारखा थंडगार. देवाचा हात असा असतो होय गं? तो खालच्याचा हात आहे. सैतानाचा."

पिपाणीच्या हातातली चादर हौदात पडली.

धाकटी तेव्हा रुमाल खळबळत होती. तिनं मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. पण स्वतःसाठी नव्हे. "मला वाटेल ते म्हणा, जाऊबाई. मला म्हणा. त्याला नका म्हणू… तुम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे मला?"

"तुम्हाला ठाऊक आहे," धाकटी पुन्हा म्हणाली, अगदी हळू.

तेवढं थोरलीला सोसलं नाही. तिनं धाकटीच्या हातातलं तपेलं हिसकलं, आणि पहिलं पाणी, सगळ्यांच्या देखत, गटारात ओतलं. "हिचे हात लागल्यावर यात पवित्र काय राहिलं?"

बातमीला पाय लागत नाहीत. महिनाभरात धाकटीला कुणी दारात उभं करेना. पाववाला रस्त्याची दुसरी बाजू धरायला लागला. हौदावरचं काम गेलं. ती घरीच शिवण करत राहिली, खोकत राहिली आणि सात महिन्यांत हाडांची मोळी झाली. शेवटी मुलीला पाठवलं. मुलगी विशीची, आईसारखी मऊ नव्हे, विळीच्या पात्यासारखी.

"आई बोलावतेय. एकदा या म्हणाली."

थोरलीनं मान वर केली नाही. "मला इस्त्री आहे."

गुरुवारी धाकटी गेली. शुक्रवारी पुरलं. शवपेटी खाली सोडताना मुलगी थोरलीशेजारी येऊन उभी राहिली आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "झाली का इस्त्री?"

रविवारी मिस्सेत वाचनाला नेमका तो उतारा आला. माणसांची सगळी पापं माफ होतील, सगळी निंदा माफ होईल, पण पवित्र आत्म्याची जो निंदा करील त्याला या युगात माफी नाही नि येणाऱ्या युगातही नाही. हा उतारा थोरलीनं जन्मभर ऐकला होता. त्या दिवशी तो तिचं नाव घेऊन हाक मारल्यासारखा ऐकू आला.  आणि सोमवारी जमीन पाणी प्यायला तयार होईना.

त्याच दुपारी ती फादरांकडे गेली. म्हातारे फादर जळून उरलेल्या मेणबत्त्यांची बुडखी एका डब्यात भरत होते. तिनं सगळं सांगितलं. ऊब सांगितली, खोटं सांगितलं, गटार सांगितलं. मग विचारलं, "फादर, मला माफी आहे की नाही? तेवढं एक सांगा."

फादरांनी डबा बाजूला ठेवला. "बाई, रागात देवाला शिव्या घातल्या, माफ आहे. शंका घेतली, माफ. तोंडावर नाकारला आणि मग रडला, तेही माफ. देवाची माफी कमी पडते असं नव्हे गं. पण माफी ज्या हातानं मिळायची तोच हात, देवाचा आहे हे पक्कं ठाऊक असताना, सैतानाचा म्हणून झटकून टाकला, तर ती कोणत्या हातानं द्यायची?"

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं.

"पण ऐक. ज्याच्या हातून ते पाप पुरं झालं, त्याचं मन दगड होतं. तो असा विचारायला येत नाही. तुला भीती वाटतेय ना?"

"झोप नाही, फादर. अन्न उतरत नाही."

"देवाची कृपा म्हण. दार अजून लागलेलं नाही. ती भीतीच तुझी दोरी आहे, सोडू नकोस. आणि जे चौघींत बोललीस त्याच्या उलट सगळ्यांदेखत बोल. रविवारी उभी राहा. सांग की तो हात देवाचा होता, मला ठाऊक होतं आणि मी खोटं बोलले."

"सगळ्यांसमोर?"

"गटारात ओतलंस ते काय एकांतात ओतलंस?"

थोरलीनं मान हलवली. सहा दिवस तर काढायचे होते.

मंगळवारी दुपारी ती एकटीच इस्त्री करत होती. बाया जेवायला गेलेल्या. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, ओल्या कापडाची वाफ टेबलावर तरंगत होती.  पिपाणी काय म्हणेल, पाववाला काय म्हणेल, ती मुलगी कशी हसेल… आणि त्याहून मोठं भय ते दुसरं, कधीच न मिळणाऱ्या माफीचं, अंत नसलेलं. इस्त्री थांबली.

तेवढ्यात तिच्या मानेवर, केसांच्या खाली, कुणीतरी हात ठेवला.

थंडगार. ओलसर. पाच बोटं वेगवेगळी मोजता यावीत असा.

ती किंचाळणार होती. पण किंचाळायला जी भीती लागते ती त्याच क्षणी उतरायला लागली. भाजल्या हाताची आग उतरली होती तशीच, हातमोजा काढल्यासारखी. श्वास मोकळा झाला. खांदे सैल पडले. मग हात उठला. ती वळली. मागे ऊन, वाफ आणि दोरीवरचे टेबलक्लॉथ. वास तेवढा होता, गटाराचा. खिडकी तर बंद होती.

"धाकटे…?" ती कुजबुजली. कुणी ओ दिली नाही.

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

बुधवारी हात पुन्हा आला, गुरुवारीही. भीती उठली की तो यायचा आणि थोडी भीती घेऊन जायचा. आणि ती उठली नाही तरी यायचा. गुरुवारी उरलेले दोन रुमाल खळबळून तिनं पाणी खड्ड्यात ओतलं, तर ते संध्याकाळपर्यंत तोंडाशी उभं होतं. तिनं झाकण लावलं आणि घरी आली. रस्ताभर गाणं गुणगुणत होती म्हणे. शेजारणीनं ऐकलं.

शुक्रवारी दुपारी नवऱ्याला दम लागला. एरवी त्याच्या छातीत पहिली शीळ वाजली की थोरली उडी मारून उठायची. दम्याचा पंप कपाटावर, तिचा हात आपोआप जायचा. त्या दुपारी ती खुर्चीत बसून बघत राहिली. तो तडफडतोय, बोटानं कपाट दाखवतोय, ओठ निळे होतायत. तिला दिसत सगळं होतं. फक्त आत काही हलत नव्हतं. शेवटी तोच सरपटत गेला, पंप ओढला, आणि भिंतीला टेकून बसला. बराच वेळ तिच्याकडे बघत होता.

"तू नुसती बघत होतीस," तो म्हणाला.

तेव्हा कुठं थोरलीच्या ध्यानात आलं की काय चाललंय. तो हात आपल्याला शांत करत नाही. तो दोरी कापतोय, एकेक पीळ. रविवारला दोन दिवस आणि हाताशी उरलीय ती एवढीशी भीती, नखाएवढी.

पुढच्या वेळी हात आला की झटकून टाकायचा, ओरडून सांगायचं, 'सैताना, दूर हो!', असं तिनं ठरवलं. आणि ठरवता ठरवताच थिजली. तो धाकटीचा असेल तर? ती मेल्यावरही दया करायला येत असेल आणि आपण पुन्हा, दुसऱ्यांदा, त्याच हाताला तेच म्हणालो तर? म्हणावं तर पाप पुरं होणार, न म्हणावं तर भीती जाणार. असा आडही तिनंच खणला होता नि विहीरही.

हात धाकटीचा की नाही हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती. शनिवारी सकाळी ती धाकटीच्या घरी गेली. मुलगी आईचे कपडे घडी घालून पेटीत भरत होती. बस म्हणाली नाही.

"वाट चुकलात की काय?"

"एक विचारायचंय. तुझी आई जाताना माझ्याबद्दल काही बोलली?"

मुलीनं एक घडी मोडली, पुन्हा घातली. "बोलली. मी मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही जळावं म्हणून. आता आलाच आहात तर ऐका. म्हणाली, 'जाऊबाईंना म्हणावं, मी माफ केलं. घाबरू नका म्हणावं. मी तिकडूनही त्यांच्यासाठी हात जोडीन.'"

थोरली तिथंच पेटीशेजारी बसली. म्हणजे तीच आहे! धाकटीच! डोळे भरून यायला हवे होते, आले नाहीत, पण जीव भांड्यात पडला. "तीच येते गं," ती म्हणाली. "रोज येते. मानेवर हात ठेवते. थंड, ओला—"

मुलीचे हात थांबले.

"थंड?"

"थंडगार…"

"माझी आई," मुलगी एकेक शब्द दाताखाली धरून बोलली, "शेवटच्या श्वासालाही गरम होती. शवपेटीत ठेवताना मी तिचा हात धरला होता, तेव्हासुद्धा बोटं उबदार होती. थंड हात तुम्हीच सांगितला होता लोकांना. आठवतंय? बर्फ. ओल्या मातीसारखा. तसला हात या जगात नव्हताच कुणाचा. तो तुम्ही केलात." ती उठून दाराशी गेली, दार उघडून धरलं. "आता तुमच्याकडेच येणार तो. निघा."

थोरली रस्त्यावर आली. आतली नखाएवढी भीती एकदम वीतभर झाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं भीतीला मिठी मारली. आता कळलं होतं. हात कुणाचा तेही कळलं होतं, काय बोलायचं तेही. फक्त उद्यापर्यंत ही जपायची, वाऱ्यात दिवा न्यावा तशी, ओंजळ धरून. ती तशीच फादरांकडे पळाली. फादर गावाबाहेर आजाऱ्याकडे गेलेले. मग ती वेदीसमोर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत मानेवर पदर घट्ट आवळून बसली होती. हात आला नाही. रात्री आला नाही. सकाळी आला नाही.

रविवारी चर्च भरलेलं. पिपाणी पुढच्या बाकावर, पाववाला मुलीला घेऊन आलेला. धाकटीची मुलगी खांबाला टेकून, हाताची घडी. प्रवचन संपलं आणि फादरांनी थोरलीकडे बघून मान हलवली.

थोरली उभी राहिली.  ती भीती अजून होती! तिनं घसा खाकरला. "मला… सगळ्यांना एक सांगायचंय. हौदावर मी जे बोलले…"

पुढच्या बाकावरून पिपाणीनं मागे वळून पाहिलं.

"धाकटीचा हात… तो हात…"

मानेवर पाच बोटं टेकली.

या वेळी हात उठला नाही. तसाच राहिला. लोकांनी पाहिलं ते एवढंच की थोरलीचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, कपाळावरच्या आठ्या इस्त्री फिरवल्यासारख्या गेल्या. ती उभ्या उभ्या स्वतःच्या आत काहीतरी शोधत होती, किल्ली शोधावी तशी. या खिशात, त्या खिशात. मग शोधायची थांबली.

"बोल, बाई," फादर म्हणाले. आवाज कापत होता. "बोल… आत्ता बोल."

थोरलीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हसली. छान हसली. "काही नाही, फादर. मला काही सांगायचं नाही."

आणि पदर नीट करून बसली.

बाहेर अंगणात मुलीनं तिला गाठलं. तोंडाला येईल ते बोलली. लाज विकलीस, आईला दोनदा मारलंस, थू तुझ्या जिनगानीवर. रडत होती, थरथरत होती, मूठ उगारली होती. लोक लांबून बघत होते. थोरलीनं निवांतपणे ऐकून घेतलं. मग आपला उजवा हात उचलला, तोच, धाकटीनं बरा केलेला, आणि मुलीच्या कपाळावर ठेवला.

मुलगी एकदम शहारली. मूठ सुटली. डोळ्यातलं पाणी गालावर होतं तिथंच राहिलं.

"आता बरं आहे ना?" थोरलीनं विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली. इतक्या दिवसांत तिनं नात्यानं हाक मारली नव्हती. आता मारली. "बरं वाटतंय, मोठी आई."

सोमवारी दोघी मिळून हौदावर आल्या. थोरलीनं बॉयलर पेटवला, मुलीनं आईच्या जागी उभं राहून रुमाल खळबळले. तपेलं घेऊन दोघी अंगणात गेल्या, झाकण सरकवलं. खड्डा काठोकाठ भरलेला. वारा होता, दोरीवरच्या चादरी फडफडत होत्या, पण त्या पाण्यावर एक तरंग नव्हता.

"जात नाही," मुलगी म्हणाली.

"असू दे. तिकडे ओत."

मुलीनं पहिलं पाणी गटारात ओतलं. आणि कोरड्या पडलेल्या त्या गटारातून आवाज आला, 'गुडुप.' मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं, जसं तहानलेल्यानं अजून मागावं.

हौदापाशी पिपाणीनं तो ऐकला. तिच्या हातातली चादर गळून पडली. ती मागे सरली, भिंतीला लागली, आणि छातीवर क्रूस करायला गेलेला हात अर्ध्यातच थांबला, कारण थोरली पदराला हात पुसत तिच्याकडेच येत होती.

"घाबरलीस का गं?" थोरली मायेनं म्हणाली. "ये… इकडे ये."